विज्ञानाचे दार ओळखीने उघडू नये !

महाविद्यालयांच्या परीक्षा संपल्या म्हणजे घरोघर एकच प्रश्न विचारला जातो : सुट्टीत काय करणार ? ज्या घरी उद्याच्या अन्नाची भ्रांत नाही त्या घरी हा प्रश्न हौसेचा असतो. ज्या घरी आई चार घरची धुणीभांडी करून किंवा बाप रोजंदारीवर जाऊन मुलांची फी भरतो, त्या घरी या प्रश्नाचे उत्तर अगोदरच ठरलेले असते. मुलाने मिळेल ते काम धरावे आणि पुढील वर्षाच्या खर्चाची तजवीज करावी. यात त्या आईबापांचा यत्किंचितही दोष नाही. परंतु सुट्टीच्या याच दोन-अडीच महिन्यांत, विज्ञानाच्या क्षेत्रात आत कोण जाणार आणि बाहेर कोण राहणार, याचा निकाल पुष्कळ अंशी लागत असतो. ही गोष्ट आमच्या समाजाला अद्याप पुरेशी उमगलेली नाही. ती उमगावी, आणि तिच्या अनुषंगाने आपण काय मागावयाचे याचा विचार व्हावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

अमेरिकेत पदवीच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत संशोधनसंस्थेत जाऊन काम करण्याची रीत चांगलीच रुजलेली आहे. विद्यार्थी आठ-दहा आठवडे एखाद्या संस्थेत राहतो आणि अनुभवी शास्त्रज्ञाच्या हाताखाली अशा प्रश्नावर काम करतो की, ज्याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात छापलेले नाही. वर्गात बसून विद्यार्थी इतरांनी मिळविलेले ज्ञान घेतो. येथे तो ज्ञान मिळविण्याच्या कामात भागीदार होतो. हा फरक लहान नाही. दुसऱ्याने सांगितलेले पाठ करणे निराळे आणि स्वतः पारखून, मोजून, ताडून पाहून खरेखोटे ठरविणे निराळे. कोणी थोर माणसाने सांगितले किंवा ग्रंथात लिहिले एवढ्याच कारणाने कोणतीही गोष्ट मानू नका, ही कालामांना दिलेली शिकवण ज्या घरांनी स्वीकारली आहे त्यांना हा फरक अधिक फोड करून सांगण्याचे कारण नाही.

हवामानशास्त्राचेच उदाहरण आम्ही येथे घेत आहोत, आणि त्याला कारण आहे. हवाई बेटांवरील मौना लोआ या पर्वतावर 1958 साली हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडचे नियमित मोजमाप सुरू झाले. तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे 315 भाग होते. आज ते 420 च्या वर गेले आहेत. हा वायू पृथ्वीची उष्णता अडवून धरतो, आणि तो कोळसा व तेल जाळल्याने वाढतो. त्यापासून होणारी तापमानवाढ जगात सर्वांच्या वाट्याला येते खरी; पण सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. ज्याला उन्हात उभे राहून रस्ता खोदावयाचा आहे, ऊस तोडावयाचा आहे, वीटभट्टीवर विटा वाहावयाच्या आहेत, त्याच्या अंगावर ती आधी येते. 2010 सालच्या मे महिन्यात अहमदाबादेत उष्णतेची जी लाट आली तीत नेहमीपेक्षा 1,300 हून अधिक माणसे जास्त दगावली. हा आकडा कोणीतरी मृत्यूंच्या नोंदी आणि तापमानाच्या नोंदी समोरासमोर मांडल्या म्हणूनच कळला, आणि तो कळला म्हणूनच 2013 साली त्या शहराने उष्णतेपासून बचावाची योजना आखली. तेव्हा ज्यांना उन्हाची झळ सोसावी लागते त्यांची मुले त्या उन्हाचे मोजमाप करणाऱ्यांत असली पाहिजेत. नसली, तर काय मोजावयाचे आणि काय मोजावयाचे नाही हे नेहमी दुसराच कोणी ठरवील.

आता या क्षेत्रातील दोन माणसांची हकीगत ऐका.

न्यूयॉर्कनजीक, हडसन नदीच्या काठी, कोलंबिया विद्यापीठाची लॅमॉन्ट वेधशाळा आहे. ती 1949 साली स्थापन झाली. 1952 च्या उन्हाळ्यात तेथे वॉलेस ब्रोकर नावाचा एक विद्यार्थी सुट्टीतील कामासाठी आला. तो शिकागोकडील एका लहानशा धार्मिक महाविद्यालयात शिकत होता. त्याला वाचनलेखनाचा जन्मजात अडसर होता. मोठा शास्त्रज्ञ होण्याचे कोणतेही चिन्ह त्याच्या ठायी तेव्हा दिसत नव्हते. तेथील लॉरेन्स कल्प या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत किरणोत्सर्गी कार्बनच्या साहाय्याने जुन्या वस्तूंचे वय काढण्याचे काम चाले. त्या कामात हा मुलगा असा काही रमला की, आपले महाविद्यालय सोडून तो कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला, आणि 2019 साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे तब्बल 67 वर्षे, त्याच वेधशाळेत राहिला. पृथ्वीचे तापमान लवकरच ठळकपणे वाढू लागेल असा इशारा देणारा त्याचा 1975 सालचा निबंध आज जगभर उल्लेखिला जातो. महासागरातील पाण्याच्या अभिसरणाचा हवामानाशी काय संबंध आहे हे समजावून देणाऱ्यांत त्याचे स्थान अग्रभागी आहे.

एका उन्हाळ्याने एवढे घडविले ! परंतु तो उन्हाळा त्याला मिळाला कसा ? त्याच्या महाविद्यालयातून एक मित्र त्याच्या अगोदर लॅमॉन्टला गेला होता, आणि प्रयोगशाळेचा प्रमुख कल्प हादेखील त्याच महाविद्यालयाचा जुना विद्यार्थी होता. म्हणजे दार उघडले ते ओळखीने. ब्रोकरच्या योग्यतेला यामुळे तिळमात्र कमीपणा येत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, त्याच वर्षी अमेरिकेत त्याच्याच तोडीचे कित्येक विद्यार्थी असे असतील की, ज्यांचा कोणीही मित्र कोणत्याही वेधशाळेत नव्हता. त्यांच्यापैकी किती जणांना विज्ञान मुकले याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

दुसरी हकीगत वॉरेन वॉशिंग्टन यांची. हे कृष्णवर्णीय. जन्म 1936, ऑरेगॉन राज्यातील पोर्टलंड शहरी. त्यांचे वडील पदवीधर होते आणि शिक्षक होण्याची त्यांची इच्छा होती. परंतु त्या काळी पोर्टलंडच्या शाळा कृष्णवर्णीय माणसाला शिक्षक म्हणून घेत नसत. म्हणून या पदवीधर गृहस्थाने आगगाडीच्या डब्यात प्रवाशांना जेवण वाढण्याचे काम करून संसार चालविला. विद्या असून अंगावरील कातड्यामुळे जागा नाकारली जाणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगावयास नको. मुलाने शाळेत असताना रसायनशास्त्राच्या शिक्षिकेला विचारले की, अंड्यातील बलक पिवळा का असतो ? शिक्षिकेने उत्तर दिले नाही. तूच शोधून काढ, असे सांगितले. त्या एका वाक्याने मुलाला शोधाची गोडी लागली, असे ते पुढे आयुष्यभर सांगत असत. त्याच शाळेत त्यांना सल्ला देणाऱ्याने मात्र, विज्ञानाचा नाद सोडून व्यापारी शिक्षण घ्यावे, असे सुचविले होते. एकाच शाळेत एक जण दार दाखवितो आणि दुसरा भिंत दाखवितो !

ऑरेगॉनच्या विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकत असताना वॉशिंग्टन यांना विद्यापीठाजवळच्या एका हवामानकेंद्रावर काम मिळाले. समुद्राकडून येणारी वादळे रडारवर टिपावयाची, असे ते काम. तेथेच त्यांना हवामानशास्त्राची ओढ लागली. 1964 साली त्यांनी या शास्त्रात डॉक्टरेट मिळविली. अमेरिकेत ती मिळविणारे ते दुसरे कृष्णवर्णीय होत. पहिले चार्ल्स अँडरसन, यांना ती 1960 साली मिळाली होती. बोल्डर येथील राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्रात अकिरा कासाहारा यांच्यासह त्यांनी वातावरणाचे अगदी आरंभीचे संगणकी प्रतिमान रचले. असे प्रतिमान म्हणजे हवा, पाणी, बर्फ आणि जमीन यांच्या परस्परव्यवहाराचे नियम गणिताच्या भाषेत मांडून, पुढे काय होईल याचा संगणकाकरवी केलेला हिशेब. आज जगातील सरकारे ज्या अंदाजांवर विसंबून धोरणे ठरवितात त्यांचा पाया अशाच कामाने घातला. वॉशिंग्टन पुढे अमेरिकन हवामानशास्त्र संस्थेचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले, राष्ट्रीय विज्ञान मंडळाचे प्रमुख झाले, आणि 2010 साली राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या हस्ते त्यांना राष्ट्रीय विज्ञानपदक मिळाले. 2024 च्या ऑक्टोबरात, वयाच्या 88 व्या वर्षी ते निधन पावले.

या दोन हकीगतींतून काय निष्पन्न होते ? हेच की, दोघांचेही आयुष्य विद्यार्थिदशेतील एका लहानशा कामाने वळले. आणि हेही की, दोघांनाही ते काम योगायोगाने मिळाले. एकाला मित्राने नेले. दुसऱ्याच्या विद्यापीठाजवळ रडार होते. रडार नसते तर ? मित्र नसता तर ? एखाद्या व्यक्तीच्या चरित्रात योगायोग शोभून दिसतो. समाजाची व्यवस्था मात्र योगायोगावर सोडता येत नाही. कारण योगायोग हे बहुधा वरच्या थरातील लोकांच्या ओळखीपाळखीचेच दुसरे नाव असते. कृष्णवर्णीयांमधून पहिली डॉक्टरेट 1960 साली आणि दुसरी 1964 साली निघते, ती त्यांच्यात बुद्धीची वाण होती म्हणून नव्हे. त्यांच्या महाविद्यालयांजवळ रडार नव्हते, आणि प्रयोगशाळांत त्यांचे मित्र नव्हते.

या योगायोगाच्या जागी नियम आणण्याचे श्रेय अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशन या सरकारी संस्थेला द्यावे लागेल. विद्यार्थ्यांच्या संशोधनाला पैसे देण्याची तिची एक योजना 1958 च्या सुमारास सुरू झाली होती. 1980 नंतरच्या आरंभीच्या वर्षांत काटकसरीच्या नावाखाली ती बंद पडली. पुढे 1987 साली नव्या स्वरूपात ती पुन्हा उभी राहिली. या नव्या योजनेप्रमाणे विद्यापीठांना व संस्थांना पैसा मिळतो तो अटींवर. विद्यार्थ्याला विद्यावेतन दिले पाहिजे. जागांची जाहिरात केली पाहिजे. यजमान संस्थेने आपल्याच विद्यार्थ्यांना जागा वाटून घ्यावयाच्या नाहीत. ज्या महाविद्यालयांत संशोधनाची सोय नाही तेथील विद्यार्थ्यांना त्यांत भरीव वाटा दिला पाहिजे. चार साध्या अटी. पण त्यांनी ओळखीच्या दाराशेजारी नियमाचे दार उघडले.

विद्यार्थी तेथे प्रत्यक्ष काय करतात हेही पालकांनी समजून घ्यावे. कारण संशोधन म्हटले की, काहीतरी अगम्य, आपल्या आवाक्याबाहेरचे, अशी समजूत आपल्या घरांत असते. पहिल्या आठवड्यात प्रश्न नेमका करावयाचा. पृथ्वी का तापते, असा अफाट प्रश्न नव्हे. अमुक खोऱ्यात गेल्या चाळीस वर्षांत मुसळधार पावसाचे दिवस वाढले की घटले, असा मापात बसणारा. मग त्या विषयावर पूर्वी कोणी काय लिहिले ते वाचावयाचे. नंतर नोंदी गोळा करावयाच्या : पर्जन्यमापकाच्या, उपग्रहाच्या, झाडांच्या खोडांतील वर्तुळांच्या, बर्फाच्या थरांच्या. त्या संगणकावर तपासावयाच्या. मधल्या आठवड्यांत बहुधा सगळे चुकते. आकडे जुळत नाहीत, एखाद्या केंद्राची जागा मध्येच बदललेली निघते, आणि आठवड्याची मेहनत वाया जाते. याच ठिकाणी विद्यार्थ्याला कळते की, चुकणे हा मूर्खपणाचा पुरावा नसून कामाचा भाग आहे. पुस्तकी परीक्षेत हे कधीच कळत नाही. तेथे चूक म्हणजे गुण गेला. शेवटच्या आठवड्यात जे हाती लागले ते लिहून, भित्तिपत्रकावर मांडून, जाणत्यांच्या सभेत उभे राहून सांगावयाचे आणि प्रश्नांना तोंड द्यावयाचे.

काहींना दूरच्या प्रदेशीही जावयास मिळाले आहे. 2008 साली सुरू झालेल्या पोलारिस नावाच्या उपक्रमात पदवीचे विद्यार्थी सायबेरियाच्या उत्तर टोकाला, चेर्स्की गावी गेले. 2017 पासून हे काम अलास्कात चालू लागले. उत्तर ध्रुवाजवळची जमीन हजारो वर्षे गोठलेली आहे. तिच्यात झाडापाल्याचा जो अंश साठला आहे त्यातील कार्बन आजच्या साऱ्या वातावरणातील कार्बनच्या सुमारे दुप्पट आहे. जमीन वितळली की, तो कुजून हवेत जाऊ लागतो. किती, किती वेगाने आणि कोणत्या वाटेने, हे मोजण्यासाठी विशी-बाविशीची ही मुले डासांच्या घोळक्यात, चिखलात उभी राहून मातीचे व पाण्याचे नमुने घेत होती. यात अलौकिक काय आहे ? चिखलात उभे राहण्याची सवय आमच्या मुलांना नाही, असे कोणी म्हणू शकेल काय ?

परंतु नियमाने दार उघडले तरी आत गेलेला माणूस टिकतोच असे नाही. हे ओळखून बोल्डर येथील त्याच केंद्राच्या आश्रयाने 1996 साली ‘सोअर्स’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. वातावरणशास्त्रात ज्या समाजगटांची माणसे फार थोडी आहेत, अशांतील विद्यार्थ्यांना पुढे आणणे हा त्याचा हेतू होता. त्याची दोन वैशिष्ट्ये आमच्या वाचकांनी ध्यानात घ्यावीत. पहिले असे की, विद्यार्थ्याला एकच उन्हाळा न देता लागोपाठ अनेक उन्हाळे परत बोलाविण्याची सोय त्यात ठेवली होती. दुसरे असे की, त्याला एका मार्गदर्शकावर सोडलेले नव्हते. शास्त्रातील मार्गदर्शक वेगळा, लेखन शिकविणारा वेगळा आणि राहणीतील अडीअडचणी ऐकून घेणारा वेगळा. ज्या मुलाच्या घरात पूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही त्याच्या अडचणी अभ्यासाच्याच असतात असे नाही. प्रश्न विचारला तर आपण अडाणी ठरू काय, या भीतीने तो गप्प बसतो. आणि गप्प बसला की, याला गती नाही, असा शेरा पडतो. ती भीती घालविणारा माणूस नेमून देणे म्हणजे लाड नव्हे. सुशिक्षित घरातील मुलाला जे आईबापांकडून, मामा-काकांकडून आपसूक मिळते, तेच येथे व्यवस्थेने दिले.

आता पैशाचा मुद्दा. काही सद्‌गृहस्थ म्हणतात की, ज्ञानाची खरी तळमळ असेल तर विद्यार्थी विनावेतनही काम करील. हे बोलणे ऐकावयास मोठे उदात्त वाटते. पण त्यात लबाडी आहे. दोन महिने फुकट काम करण्याची ऐपत ज्याच्या घरची असते त्याचीच तळमळ मग खरी ठरते. विनावेतन संशोधन ही गरिबाला बाहेर ठेवण्याची सर्वांत सभ्य युक्ती होय. तीत कोठेही, तुला मज्जाव आहे, असे लिहावे लागत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 साली कोलंबिया विद्यापीठात गेले, म्हणजे ज्या विद्यापीठाची लॅमॉन्ट वेधशाळा त्याच विद्यापीठात. ते जाऊ शकले ते बडोदे सरकारने दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली म्हणून. तिची मुदत संपताच लंडनमधील अभ्यास अर्धा टाकून 1917 साली त्यांना परत यावे लागले आणि तो पुरा करण्यासाठी 1920 पर्यंत थांबावे लागले. तळमळ बाबासाहेबांपेक्षा अधिक कोणाची होती ? तरीही पैसा थांबला तेथे अभ्यास थांबला. महिन्याच्या खर्चाची हमी नसेल तर बुद्धिमत्ता आगगाडीच्या डब्यात जेवण वाढत राहते, ही गोष्ट पोर्टलंडमध्ये जितकी खरी तितकीच येथेही खरी.

बाबासाहेबांच्या या अनुभवात आणखी एक धडा आहे, आणि अमेरिकेतील ताज्या घडामोडींनी तो पुन्हा गिरविला आहे. मेहेरबानीने मिळालेले मेहेरबानी संपताच जाते. 2025 च्या जानेवारीत तेथे नवे सरकार अधिकारावर येताच, वंचित गटांच्या समावेशासाठी चाललेले केंद्र सरकारचे कार्यक्रम बंद करण्याचे हुकूम निघाले. त्याच वर्षी एप्रिलपासून नॅशनल सायन्स फाउंडेशनने दिलेली शेकडो अनुदाने मुदतीपूर्वीच रद्द करण्यात आली. वंचितांचा विज्ञानातील सहभाग वाढविण्यासाठी दिलेल्या अनुदानांवर त्यात विशेष घाव पडला. अनेक दशकांची मेहनत काही आठवड्यांत खिळखिळी झाली. 1980 नंतर जे घडले तेच निराळ्या निमित्ताने पुन्हा घडले. यावरून असे कार्यक्रमच निरर्थक, असा निष्कर्ष कोणी काढू नये. निष्कर्ष असा की, जे सरकारच्या मर्जीवर उभे असते ते मर्जीबरोबर कोसळते. जे कायद्यात लिहिलेले असते ते पाडावयास निदान कायदा बदलावा लागतो आणि चारचौघांत त्याचे कारण द्यावे लागते. सवलत आणि हक्क यांत हाच भेद आहे.

तेव्हा आपल्याकडे पाहू. अमेरिकेच्या त्या सरकारी योजनेचा लाभ मुख्यतः तेथील नागरिकांना व कायम रहिवाशांना आहे. आपल्या मुलांना तिची आशा दाखविणे योग्य नव्हे. परंतु तिच्यापासून शिकावयास कोणाची आडकाठी नाही. आपल्या देशात बंगळूर, नवी दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमींनी मिळून विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांची उन्हाळी संशोधनवृत्ती गेली अनेक वर्षे चालविली आहे. हवामानशास्त्राचे तर महाराष्ट्रात माहेरच आहे. हवामान खात्याचे मुख्य कार्यालय 1928 साली सिमल्याहून पुण्याला आले, आणि उष्णप्रदेशीय हवामानाचा अभ्यास करणारी संस्था 1962 साली पुण्यातच निघाली. ती आज पाषाण येथे आहे. पृथ्वीच्या हवामानाचे भारतातील पहिले सर्वांगीण प्रतिमान याच संस्थेत तयार झाले, आणि जागतिक तुलनेच्या कामात ते वापरले गेले. महाबळेश्वरला ढगांचा अभ्यास करणारी तिची प्रयोगशाळा आहे. म्हणजे ऑरेगॉनच्या त्या विद्यार्थ्याच्या विद्यापीठाजवळ जसे रडार होते, तसे आमच्या मुलांच्या घराजवळ रडार आहे. प्रश्न एवढाच की, तेथवर जाणारी वाट कोणाच्या ओळखीतून जाते ?

वाट आजही बहुतांशी ओळखीतूनच जाते. शास्त्रज्ञाला पत्र कसे लिहावे हे ज्याला घरी कोणी सांगते तो पत्र लिहितो. ज्याच्या प्राध्यापकाचे नाव संस्थेत माहीत असते त्याच्या शिफारसपत्राला वजन येते. तालुक्याच्या महाविद्यालयातील मुलीला जाहिरातीची वार्ता लागते तेव्हा मुदत उलटून गेलेली असते. आणि एवढे करून जागा मिळालीच, तर अनेक ठिकाणी वेतन नाही, वसतिगृह नाही. पुण्यासारख्या शहरी दोन महिने राहावयाचे कोठे आणि खावयाचे काय?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. सरकारी पैशावर चालणाऱ्या कोणत्याही संशोधनसंस्थेने विद्यार्थ्याकडून विनावेतन काम घेऊ नये; विद्यावेतन व निवारा दोन्ही द्यावीत, आणि विद्यावेतन महिन्याच्या महिन्याला, वेळेवर द्यावे. जागांची जाहिरात मराठीतूनही निघावी आणि ती तालुक्याच्या शेवटच्या महाविद्यालयापर्यंत मुदतीच्या निदान दोन महिने आधी पोहोचावी. निवड शिफारस करणाऱ्याच्या नावावर न होता विद्यार्थ्याने स्वतः मांडलेल्या प्रश्नावर व्हावी. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी जागा राखून ठेवाव्यात, आणि कोणत्या महाविद्यालयांतून व कोणत्या समाजांतून किती अर्ज आले व किती निवडले, याचे आकडे दरवर्षी प्रसिद्ध करावेत. जे शास्त्रज्ञ दर तासाचा पाऊस मोजतात त्यांना हे मोजणे अवघड जाऊ नये. आणि हे सर्व परिपत्रकाच्या कृपेवर न ठेवता नियमाने बांधून द्यावे.

या मागण्यांना आधार नाही काय ? संविधानाच्या 46 व्या अनुच्छेदाने दुर्बल घटकांच्या, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींच्या, शैक्षणिक हिताची विशेष काळजी वाहण्याचे राज्याला सांगितले आहे. 1976 साली संविधानात आलेल्या मूलभूत कर्तव्यांत तर विज्ञाननिष्ठ दृष्टी व शोधकबुद्धी वाढविणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. ज्याच्यावर कर्तव्य लादले त्याला ते बजावण्याचे साधन द्यावयाचे नाही, हा कोठला न्याय ?

यावर गुणवत्तेचा आक्षेप येणार हे आम्ही जाणून आहो. गुणवत्तेला आमचा विरोध नाही. आमचे म्हणणे असे की, गुणवत्ता कामात दिसते, आणि काम करावयास मिळाल्याशिवाय ती दिसू शकत नाही. 1952 च्या वसंतात ब्रोकरची गुणवत्ता कोणाला दिसली होती ? ती दिसली उन्हाळा संपल्यावर. ओळखीने आत गेलेल्याला सिद्ध होण्यासाठी उन्हाळा द्यावयाचा, आणि नियमाने येऊ पाहणाऱ्याने मात्र दाराबाहेरच सिद्ध व्हावयाचे, ही गुणवत्तेची पूजा नसून तिची विटंबना आहे.

मागण्या मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसावयाचे काय ? मुळीच नाही. विज्ञानशाखेतील प्रत्येक मुलामुलीने दिवाळीच्या सुमारासच येत्या उन्हाळ्याची चौकशी सुरू करावी. अकादमींचे अर्ज बहुधा त्याच हंगामात निघतात. अर्जात लिहिण्यासाठी एक प्रश्न स्वतः शोधावा. आपल्या गावची विहीर कोणत्या महिन्यात आटते आणि पूर्वी कोणत्या महिन्यात आटत असे. आपल्या वस्तीतील पत्र्याच्या घरात दुपारी किती तापमान असते आणि गावातील कौलारू घरात किती असते. एक साधा तापमापक आणि एक वही यांवर दोन महिन्यांची नोंद ठेवता येते, आणि अशी नोंद कोणत्याही शिफारसपत्रापेक्षा अधिक बोलते. आमच्यातील जे प्राध्यापक, अभियंते व अधिकारी झाले आहेत त्यांनी दरवर्षी निदान एका विद्यार्थ्याचा अर्ज वाचून दुरुस्त करून द्यावा. प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी एक लहानसा निधी उभारून, निवड झालेल्या विद्यार्थ्याच्या घरी त्या दोन महिन्यांची बुडालेली मजुरी पोहोचती करावी. मिरवणुकीच्या खर्चातील थोडासा हिस्सा इकडे वळविला तर कोणाच्याही उत्साहाला बाध येणार नाही.

आणि आईबापांना एवढेच सांगणे आहे. तुमची मुलगी सुट्टीत प्रयोगशाळेत जाते म्हणाली तर, त्यातून नोकरी मिळेल का, हा प्रश्न जरूर विचारा. तो रास्त आहे. पण त्याचबरोबर हेही ध्यानात ठेवा की, आपल्या पिढ्यांनी ऊन सोसले, पाऊस अंगावर घेतला, दुष्काळात खडी फोडली, आणि त्या उन्हापावसाचा हिशेब मात्र नेहमी दुसऱ्यांनी लिहिला. आता तो हिशेब लिहिण्याची वही तुमच्या मुलीच्या हाती येऊ पाहत आहे. तिचा हात मागे ओढू नका.